धमनी सांधण्याची विद्या आणि डोंगरकड्याची वाट

नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वारंगा फाटा येण्यापूर्वी, कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा हे गाव लागते. केळीच्या बागा, उसाचे फड आणि हळदीची शेते यांनी वेढलेल्या या मुलखात मनुष्याच्या देहावर येणारे आकस्मिक आघात बहुधा त्याच्या उदरनिर्वाहाच्या साधनांतूनच उद्भवतात: ऊस तोडताना निसटलेला कोयता, मारक्या बैलाचे मांडीत रुतलेले शिंग, मळणीयंत्राच्या पट्ट्यात ओढला गेलेला हात, आणि अलीकडच्या काळात हमरस्त्यावर घसरलेली मोटारसायकल. अशा प्रत्येक प्रसंगी हाड मोडले की नाही, कातडी किती फाटली, याहून निर्णायक असा एक प्रश्न असतो. तो हा की, हृदयातून निघालेले शुद्ध रक्त त्या अवयवापर्यंत नेणारी मोठी धमनी शाबूत आहे की तुटली आहे. ती तुटली असेल तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो, प्राण वाचला तर काही तासांत अवयव जातो, आणि कमावत्या माणसाचा पाय गेला म्हणजे त्या घराची शेती बटाईने जाते, कर्ज वाढते आणि मुलांची शाळा सुटते.

तुटलेली, चेंदलेली, फुगलेली अथवा आतून बुजलेली मोठी धमनी शस्त्रक्रियेने पूर्ववत करण्याची विद्या आज प्रौढावस्थेला पोहोचली आहे. तिचा इतिहास लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क या नगरांच्या नावांनी सांगितला जातो, आणि तिचे बहुतेक शोध तिकडेच लागले असल्यामुळे तो तसा सांगणे गैरही नाही. परंतु डोंगरकड्यासारख्या गावाच्या बाजूने हा वृत्तांत वाचू लागले म्हणजे त्यातले एक निराळे सूत्र दृष्टीस पडते: शल्यगृहातील हस्तकौशल्य जितके वाढले तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही विद्या फलद्रूप झाली ती जखमी माणूस आणि शल्यवैद्य यांच्यामधला काळ कमी झाल्यामुळे. त्या सूत्राला धरूनच हा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकात रक्तवाहिन्यांचा विचार सूक्ष्मपणे झालेला होता. सुश्रुतसंहितेने देहातील 107 मर्मे सांगितली असून त्यांपैकी 41 सिरामर्मे आहेत. मांडीच्या मध्यभागी असलेल्या ऊर्वी नामक मर्माला घाव लागला असता रक्तक्षयामुळे पाय वाळतो, असे निरीक्षण त्या ग्रंथात नोंदलेले आहे, आणि ते आजच्या शारीरशास्त्रज्ञालाही मान्य करावे लागेल. रक्तस्राव थांबविण्यासाठी संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय तिथे सांगितले आहेत, म्हणजे तुरट द्रव्यांनी जखम जुळविणे, थंडाव्याने रक्त गोठविणे, भस्माने जखम सुकविणे आणि शेवटी डाग देऊन वाहिनीचे तोंड आकसविणे. तळहाताच्या वा तळपायाच्या मर्मावर घाव बसून रक्त आवरेनासे झाले तर मनगटापाशी हात अथवा घोट्यापाशी पाऊल कापून प्राण वाचवावा, असाही उपदेश आहे. सिरांपासून उद्भवणाऱ्या ग्रंथीचे वर्णन करताना, दुखणारी व हलणारी गाठ कष्टसाध्य आणि मर्मस्थानी असलेली मोठी, अचल गाठ त्याज्य, असा स्पष्ट निर्वाळा दिलेला आहे. हाताबाहेरच्या व्याधीला हात न लावण्याचा हा विवेक म्हणजे दुबळेपणा नव्हे. धमनीला टाका घालून तिच्यातून पुन्हा रक्त वाहते करण्याचे साधन त्या काळी पृथ्वीवर कुणापाशीच नव्हते.

खेड्यापाड्यांत या शास्त्राचा जो अंश उतरला तो वैद्य, वैदू आणि न्हावी यांच्या हाती राहिला. तुंबडी लावणे, फासण्या मारणे, जळवा लावणे ही अशुद्ध रक्त काढण्याची कामे ही मंडळी करीत. वाहते रक्त थांबविण्यासाठी मात्र गावापाशी मूठभर हळद, जुन्या धोतराची घट्ट पट्टी आणि तापवलेले लोखंड एवढीच सामग्री असे. तथापि जिवंत रक्तवाहिनीचे मोल या मातीतल्या कारागिरांना पुरते ठाऊक होते, याचा एक पुरावा जगप्रसिद्ध आहे. 1792 च्या सुमारास टिपू सुलतानाच्या शिपायांनी इंग्रजी फौजेकडील एका मराठा गाडीवानाचे नाक कापले; इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातड्याचे नवे नाक त्याला घडवून दिले, आणि त्याचा सचित्र वृत्तांत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीन या मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आला. त्या शस्त्रक्रियेचे सारे रहस्य असे की, भुवयांमधील कातड्याचा देठ लगेच न कापता नवे नाक रुजेपर्यंत तसाच राखला जाई. त्या देठातून वाहणाऱ्या बारीक धमन्यांवरच ते कातडे जगे. युरोपातील शल्यवैद्यांनी ही रीत आदराने उचलली.

मोठी धमनी तुटलेल्या माणसाचे नशीब मात्र त्या शतकात पुण्याला आणि लंडनला सारखेच होते. फ्रेंच शल्यवैद्य आम्ब्रोआझ पारे याने 1552 मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात पाय कापल्यावर रक्तवाहिनीला तापवलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याचा प्रघात पाडला, आणि झां-लुई पेती याने 1718 मध्ये मळसूत्राने आवळता येणारा बंध तयार केला. या दोन उपायांनी प्राण वाचू लागले, परंतु अवयव जाऊ लागले. 23 सप्टेंबर 1803 रोजी मराठवाड्याच्याच भूमीवर, भोकरदनजवळच्या असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांच्यात जी घनघोर लढाई झाली, तीत एकट्या इंग्रज पक्षाचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. त्यांच्या जखमींसाठी अजिंठ्याच्या गढीत इस्पितळ उघडण्यात आले. तोफगोळ्याने मांडीची धमनी फाटलेल्या सैनिकासाठी त्या इस्पितळातील सर्वांत निष्णात हातापाशीही वाहिनी बांधणे किंवा पाय कापणे याखेरीज तिसरा मार्ग नव्हता.

त्याच काळात धमनीच्या रोगाविषयी एक मूलगामी विचार लंडनमध्ये जन्मास आला. बग्गी हाकणाऱ्या माणसांच्या गुडघ्यामागची धमनी फुगून तिथे ठोके देणारी गाठ होई. ती फुटली तर मृत्यू, आणि फुटण्यापूर्वी इलाज म्हणजे मांडीतून पाय तोडणे. जॉन हंटर याने डिसेंबर 1785 मध्ये अशा एका गाडीवानाची धमनी गाठीच्या खूप वर, निरोगी मांडीत, बांधून टाकली. मुख्य प्रवाह थांबला तरी आजूबाजूच्या लहान शाखा हळूहळू रुंदावून पायाला जगवतात, असे त्याने हरणाच्या शिंगांवरील प्रयोगांत पाहिले होते. तो गाडीवान सहा आठवड्यांत पायाने चालत इस्पितळाबाहेर पडला. धमनीच्या शस्त्रक्रियेत अवयव राखण्याचा हेतू ठेवून केलेले हे पहिले मोठे पाऊल. आणि गुडघ्यामागची हीच अरुंद, हाडाला लगटून गेलेली धमनी पुढे दोन शतके या विद्येची कसोटी पाहत राहिली.

इकडे हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या कंटिन्जंट फौजेच्या छावणीचे ठाणे होते आणि 1903 पर्यंत ती छावणी तिथे नांदली. छावणीच्या लष्करी वैद्याकडे शिपायांवर उपचार होत. सामान्य रयतेला जर्राह, हकीम आणि देवाची कृपा यांवरच विसंबावे लागे. डोंगरकडा व त्याचा सारा परिसर परभणी जिल्ह्यात, निजामाच्या अमलाखाली होता, आणि पैनगंगेच्या पलीकडचे वऱ्हाड 1853 च्या तहानंतर इंग्रजांच्या कारभारात गेले होते. रियासतीतल्या माणसाच्या दृष्टीने मोठा इलाज म्हणजे हैदराबाद. तिथे 1846 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, अफझलगंजचा दवाखाना उभा राहिला, आणि रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या खजिन्यातील पैशाने, 1888 व 1889 मध्ये क्लोरोफॉर्मची भूल कितपत निर्धोक आहे हे तपासणारी क्लोरोफॉर्म कमिशने बसली. रूपाबाई फर्दुनजी यांनी याच परंपरेत भूल देण्याचे शिक्षण घेतले आणि जगातील अगदी प्रारंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. कमिशनचे सर्व निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि रुग्णाला तासन्‌तास निःशंकपणे निद्रिस्त ठेवता आल्यावाचून धमनीवर बारीक टाके घालणे संभवतच नाही, आणि त्या प्रश्नाची जगाला दखल घ्यावी लागेल अशी चर्चा आपल्या मुलखाच्या राजधानीत झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरात अफझलगंजचा दवाखाना वाहून गेला आणि पुढे त्याच्या जागी उस्मानिया इस्पितळाची भव्य वास्तू उभी राहिली. परंतु डोंगरकड्याहून बैलगाडीने नांदेड गाठणे आणि तिथून आगीनगाडीने हैदराबादेस जाणे, एवढ्या प्रवासात धमनी तुटलेला रुग्ण जिवंत पोहोचला तरी त्याचा पाय पोहोचत नसे.

आता ज्या टाक्याने ही सारी स्थिती पालटली त्याच्याकडे वळू. न्यूकॅसल येथे हॅलोवेल नामक शल्यवैद्याने 1759 मध्ये दंडाच्या धमनीची लहानशी चीर टाचणी व दोरा यांच्या साह्याने जुळवली होती. पण कुत्र्यांवरील पुढचे प्रयोग फसले आणि तो विषय शतकाहून अधिक काळ मागे पडला. 24 जून 1894 रोजी ल्यों शहरात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर खंजिराचा वार झाला, यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तुटली आणि देशातील श्रेष्ठ शल्यवैद्य जवळ असूनही ते दगावले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्याने भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून अतिसूक्ष्म सुई आणि रेशमी धागा चालविण्याचे धडे घेतले आणि 1902 मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या दोन्ही गोल तोंडांना तीन ठिकाणी टाके घालून ते ताणावयाचे, म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो. मग त्रिकोणाच्या एकेका सरळ बाजूवर बारीक सलग टाके घालीत जावयाचे. अशाने वाहिनी आकसत नाही, समोरची भिंत चुकून टाक्यात अडकत नाही आणि आतले नाजूक अस्तर अस्तराला मिळते. या कार्याबद्दल कारेल यास 1912 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अवयवारोपणाची सारी पुढील विद्या याच टाक्यावर उभी आहे.

तरीही टाका सापडल्यानंतर तो सर्रास वापरात यावयास जवळजवळ अर्धशतक लोटले. जखमेत पू होणे अटळ होते. टाक्यापाशी रक्त गोठून वाहिनी पुन्हा बुजे. आणि अडथळा नेमका कुठे आहे हे कातडी उघडल्यावाचून कळत नसे. यांपैकी दुसऱ्या अडचणीवर 1916 मध्ये सापडलेल्या आणि 1930 च्या दशकात टोरोंटो येथे शुद्ध स्वरूपात सिद्ध झालेल्या हेपारिनने मात केली. तिसरीवर 1929 मध्ये लिस्बनच्या रेनाल्दो दुस सांतुस यांनी महाधमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांनी. आणि पहिलीवर पेनिसिलिनने. 1948 मध्ये पॅरिसच्या झां क्युनलें यांनी मांडीतील बुजलेला भाग तसाच ठेवून रुग्णाच्याच पायातील नीला, म्हणजे अशुद्ध रक्ताची वाहिनी, काढून ती अडथळ्याच्या वर आणि खाली जोडली. कालव्याचा पाट गाळाने भरला असता शेतकरी वरच्या अंगाने बगल देऊन नवा चर काढतो आणि पाणी खालच्या वाफ्याला पोहोचवितो, तोच हा न्याय. नीलेतील झडपा हृदयाच्या दिशेनेच उघडत असल्यामुळे ती उलटी करून बसवावी लागते, एवढे व्यवधान मात्र शल्यवैद्याने राखावयाचे असते.

काळाचा हिशोब युद्धांनी शिकवला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांच्या 2,471 जखमांचा वृत्तांत मायकेल डिबेकी व सिमिओन यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध केला. धमनी बांधून टाकलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे अवयव कापावे लागले होते. गुडघ्यामागची धमनी तुटलेल्यांत हे प्रमाण 72 टक्क्यांच्या वर होते. आणि टाके घालून दुरुस्तीचा प्रयत्न झालेले रुग्ण शंभरही नव्हते, कारण जखमी शिपाई शल्यवैद्यापर्यंत पोहोचेतो वेळ निघून गेलेली असे. पुढे कोरियातील युद्धात हेलिकॉप्टरने जखमी उचलले जाऊ लागले, आघाडीजवळच शल्यपथके ठेवली गेली आणि धमनी बांधण्याऐवजी सांधण्याचा प्रघात पडला. तेव्हा अवयव गमावण्याचे प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवर आले. टाका तोच होता, कारेलचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांनी या अनुभवाला मोजमाप दिले: रक्तप्रवाह सहा तासांच्या आत पूर्ववत झाला तर दहापैकी नऊ अवयव वाचले, बारा ते अठरा तास गेल्यावर निम्मेच. सहा तासांची ही मर्यादा आजही शल्यवैद्य मनाशी बाळगून असतात.

देहातील सर्वांत मोठी वाहिनी जी महाधमनी, तिची दुरुस्ती याच सुमारास साध्य झाली. पोटातील महाधमनी फुगली असता ती फुटण्याची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे; आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महाधमनीवर 1948 मध्ये सेलोफेन गुंडाळण्यात आले आणि 18 एप्रिल 1955 रोजी तीच फुटून त्यांचा अंत झाला. 29 मार्च 1951 रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी फुगलेला भाग काढून त्या जागी मृताच्या देहातील धमनी बसविली. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरीस यांनी कापडाच्या नळीचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि डिबेकी यांनी डॅक्रॉन या वस्त्राच्या नळ्या शिवून त्या प्रयोगाला स्थैर्य दिले. आता तर जांघेतील धमनीतून आवरणयुक्त जाळी सरकवून पोट न उघडता हा इलाज होतो. 1990 मध्ये ब्वेनोस आयरेसच्या ह्वान पारोदी यांनी तो प्रचारात आणला.

या विद्येत मराठी मुलखाने काय भर घातली, याचे उत्तर परळच्या के. ई. एम. इस्पितळात मिळते. लोकवर्गणी, देणग्या आणि मुंबई महापालिकेचा आश्रय यांवर 1926 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा संप्रदायच निर्माण केला. 1968 च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले हृदयारोपण त्यांनीच केले. परंतु माझ्या मते त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अधिक चिरस्थायी कार्य निराळे आहे. इस्पितळात कोवळ्या वयाच्या मुली आणि तरुण स्त्रिया असाधारण रक्तदाब घेऊन येत. हाताची नाडी जोराची आणि पायाची जवळजवळ लुप्त, असे विचित्र चिन्ह त्यांच्यांत आढळे. महाधमनीच्या भिंतीला दाह होऊन ती जाड, चिवट आणि अरुंद झालेली असे आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्यांची तोंडे आवळली गेलेली असत. जपानच्या ताकायासू यांनी 1908 मध्ये या व्याधीची डोळ्यांतील चिन्हे वर्णिली होती आणि जपानात तिचा जोर मानेच्या व हातांच्या धमन्यांवर दिसे. आपल्याकडे मात्र ती पोटातील महाधमनीला अधिक ग्रासते, हे मुंबईच्या मंडळींनी दाखवून दिले. सेन, डॉ. एस. जी. किणरे, डॉ. एस. डी. इंजिनियर आणि डॉ. जी. बी. परुळकर यांचा याविषयीचा लेख 1963 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, आणि 101 रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला सेन, किणरे, केळकर व परुळकर यांचा ग्रंथ 1973 मध्ये प्रकाशित झाला. रोगनिदानशास्त्रज्ञ किणरे यांनी या दाहाचा क्षयरोगाशी असलेला संबंध शवविच्छेदनाच्या साक्षीने तपासला. परुळकर यांचा पुढे पद्मभूषण देऊन गौरव झाला. एका बाजूला धमनी उघडून तिला वळसा देणारी नळी जोडणारा शल्यवैद्य आणि दुसऱ्या बाजूला त्याच धमनीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा संशोधक, अशी ही जोडी एकाच इमारतीत नांदली, म्हणूनच परकीय पुस्तकांत नसलेले ज्ञान इथे निपजले.

दुसरी एक व्याधी खेड्यापाड्यांतल्या कष्टकरी पुरुषांची आहे. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी, योगायोगाने 1908 मध्येच, तिचे तपशीलवार वर्णन केले. विडी अथवा अन्य मार्गाने तंबाखूचे सेवन करणाऱ्या, बहुधा पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पावलाच्या व बोटांच्या लहान धमन्या दाहाने बुजत जातात. आधी चालताना पोटरी वा पाऊल दुखते, मग रात्रीची झोप जाते, मग बोट काळे पडते. इथे शल्यवैद्याची विद्या अपुरी ठरते, कारण बगल देण्यास वरची धमनी पुरेशी असली तरी खालच्या टोकाला नळी जोडावी अशी मोकळी वाहिनीच बहुधा उरत नाही. कमरेतील मज्जातंतूंचा छेद करून रक्तवाहिन्या सैल पाडण्याची शस्त्रक्रिया आपल्या इस्पितळांतून वर्षानुवर्षे होत आली, तिने काहींना आराम पडला. पण तंबाखू संपूर्णपणे सोडणे याहून प्रभावी इलाज या रोगावर आजतागायत सापडलेला नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि रुग्णाची वाट हैदराबादेकडून औरंगाबाद-मुंबईकडे वळली. औरंगाबादेस त्याच 1956 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले; सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले; 1988 मध्ये नांदेडला. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि 2024 मध्ये त्यालाही स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. मोफत उपचारांची राज्य शासनाची योजना, जी आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, 2 जुलै 2012 रोजी नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. हिंगोलीपर्यंत ती नोव्हेंबर 2013 मध्ये पोहोचली. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. ज्या प्रवासाला एके काळी दिवस लागत, तो आता तासांत होतो. डोंगरकड्याच्या इतिहासात धमनीच्या शस्त्रक्रियेची खरी कालगणना ही अशी आहे: महाविद्यालय, रस्ता, वाहन आणि पैसा यांची.

आणि तरीही सहा तासांची मर्यादा आजही ओलांडली जाते. मोटारसायकलच्या अपघातात गुडघा निखळतो, हंटरच्या गाडीवानाची तीच धमनी आतल्या आत फाटते, बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. हाड बसविले जाते, प्लास्टर घातले जाते, आणि पाऊल थंड पडत आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या तरुण स्त्रीच्या हृदयातील रक्ताची गुठळी सुटून पायाच्या धमनीत अडकते, आणि घरची माणसे लकवा समजून शेक देत बसतात. वास्तविक टॉमस फॉगर्टी यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने ती गुठळी जांघेतल्या लहानशा छेदातून ओढून काढता येते, आणि हे काम शिकलेल्या कोणत्याही सामान्य शल्यवैद्याच्या आवाक्यातले आहे. साप चावला म्हणजे दोरी करकचून आवळण्याची चाल तर निरोगी धमनीही बंद पाडते.

म्हणून ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांना माझे सांगणे असे की, मोठ्या शहरांत एकवटलेले धमनीशल्याचे विशेषज्ञ प्रत्येक जिल्ह्यास मिळेतो थांबू नये. जिल्हा रुग्णालयांतील आणि नव्या महाविद्यालयांतील शल्यवैद्यांना तीन कामे आग्रहाने शिकवावीत: तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत तात्पुरती नळी बसवून प्रवाह चालू ठेवणे, फॉगर्टीच्या नळीने गुठळी काढणे, आणि सुजलेल्या पोटरीचे स्नायुकोश वेळीच उघडणे. एवढ्याने पाय जिवंत राहून रुग्ण पुढच्या शहरातील अंतिम शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात अवयवाला दुखापत झालेल्या प्रत्येक रुग्णाची त्या अवयवातील नाडी चाचपून, वेळेसह, दप्तरी नोंदविण्याचा नियम व्हावा.

आणि वाचकांना सांगावयाचे ते असे. रक्त उसळत असेल तर जखमेत हळद, माती वा चुना न भरता स्वच्छ कापडाची घडी करून हाताने घट्ट दाबून धरा आणि इस्पितळ येईपर्यंत तो दाब काढू नका. दाबूनही रक्त थांबेना व प्राणावरच बेतले, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळा, आणि ती किती वाजता आवळली हे लिहून ठेवा. मार लागलेला वा एकाएकी दुखू लागलेला हात किंवा पाय थंड, पांढरा, बधिर झाला असेल, त्याची नाडी लागत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच घडीला 108 ची रुग्णवाहिका बोलवा, आणि धमनी तपासली का, हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि सहा तासांच्या आत विचारला गेला तरच त्याचा उपयोग आहे.